वित्तीय सेवांची पदव्युत्तर पदवी : प्रवेशापूर्वी विद्यापीठाची नियमावली कशी वाचावी?

अक्षरगंध

महाराष्ट्रात वाणिज्य शाखेच्या पदव्युत्तर वर्गांना मी बरीच वर्षे शिकवते आहे आणि अभ्यास मंडळाच्या कामातही माझा सहभाग राहिला आहे. दर वर्षी प्रवेशाच्या काळात विद्यार्थी अभ्यासक्रमाची पुस्तिका उत्साहाने चाळतात, म्युच्युअल फंड, मर्चंट बँकिंग, विमा, डेरिव्हेटिव्हज हे विषय आहेत की नाहीत ते पाहतात आणि अर्ज भरतात. त्याच पदवीची नियमावली मात्र फारसे कोणी उघडत नाही. माझा अनुभव असा आहे की हुशार विद्यार्थ्याची पदवी विषय कठीण होता म्हणून सहसा अडत नाही, ती उत्तीर्णतेच्या एखाद्या अटीपाशी, प्रकल्पाच्या मुदतीपाशी किंवा कमाल कालावधीपाशी अडते. म्हणून हा धागा.

प्रथम पदवीच्या नावाविषयी. वित्तीय सेवा हा विषय कुठे एम.कॉम.च्या विशेषीकरणात येतो, कुठे एम.बी.ए. किंवा एम.एम.एस. या व्यवस्थापनाच्या पदव्यांमध्ये, तर कुठे स्वतंत्र नावाच्या पदवीत. विद्यापीठ अनुदान आयोग अधिनियम, १९५६ च्या कलम २२ नुसार पदवी देण्याचा अधिकार केंद्र किंवा राज्याच्या कायद्याने स्थापन झालेल्या विद्यापीठांना, अभिमत विद्यापीठांना आणि संसदेने तसा अधिकार दिलेल्या संस्थांनाच आहे, आणि पदवीचे नावही आयोगाने विनिर्दिष्ट केलेलेच असावे लागते. एखाद्या खासगी संस्थेने ‘मास्टर’ हा शब्द माहितीपत्रकावर छापला म्हणून ती पदवी होत नाही. पी.जी.डी.एम. ही पदविका आहे. तिचा दर्जा चांगला असू शकतो, परंतु पुढे पीएच.डी.साठी किंवा शासकीय भरतीत पदवीशी समकक्षता दाखवायची वेळ आली तर भारतीय विश्वविद्यालय संघाची मान्यता त्या विशिष्ट पदविकेला आहे का, हा प्रश्न उभा राहतो.

दुसरे, नियम नेमके कुठे लिहिलेले असतात ते समजून घ्यावे. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठे अधिनियम, २०१६ हा कायदा १ मार्च २०१७ पासून लागू आहे. त्याखाली परिनियम, अध्यादेश आणि विनियम अशी उतरंड आहे. अभ्यास मंडळ अभ्यासक्रम सुचवते, विद्यापरिषद त्याला मान्यता देते आणि परीक्षांचे कामकाज परीक्षा व मूल्यमापन मंडळाकडे असते. महाविद्यालयाच्या सूचनाफलकावरील सूचना या उतरंडीत सर्वांत खाली येते. ती अध्यादेशाशी विसंगत असेल तर अध्यादेश प्रमाण मानला जातो. त्यामुळे ‘कार्यालयातून असे सांगितले’ एवढ्यावर थांबू नये, परिपत्रकाचा क्रमांक आणि दिनांक मागून घ्यावा.

आता श्रेयांकांकडे, म्हणजे प्रत्येक विषयाला ठरवून दिलेल्या क्रेडिट्सकडे येते. राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार २०२३-२४ पासून महाराष्ट्रात एम.कॉम. धर्तीच्या दोन वर्षांच्या पदव्युत्तर पदवीसाठी ८८ श्रेयांकांची रचना आली. प्रत्येक सत्राला २२ श्रेयांक येतात. पहिल्या सत्रात संशोधन पद्धतीचा ४ श्रेयांकांचा विषय आहे, दुसऱ्यात ४ श्रेयांकांचे कार्यस्थळ प्रशिक्षण किंवा क्षेत्रीय प्रकल्प आहे, तिसऱ्यात ४ आणि चौथ्यात ६ श्रेयांकांचा संशोधन प्रकल्प आहे. म्हणजे ८८ पैकी १८ श्रेयांक वर्गातील नेहमीच्या विषयांच्या बाहेरचे आहेत. पहिल्या वर्षानंतर ४४ श्रेयांक पूर्ण करून बाहेर पडणाऱ्याला पदव्युत्तर पदविका मिळू शकते, आणि चार वर्षांची ऑनर्स पदवी असलेल्याला पदव्युत्तर पदवी एका वर्षात पूर्ण करता येते. एम.बी.ए. आणि एम.एम.एस.ची श्रेयांकरचना यापेक्षा वेगळी असते, दोन्हींची गल्लत करू नये.

श्रेयांकांचा भार गुणांवर कसा पडतो हे एका उदाहरणाने सांगते. समजा, पहिल्या सत्रात ४ श्रेयांकांच्या तीन मुख्य विषयांत ८, ७ आणि ६ श्रेणीगुण (ग्रेड पॉइंट) मिळाले, २ श्रेयांकांच्या विषयात ९, ४ श्रेयांकांच्या वैकल्पिक विषयात ७ आणि संशोधन पद्धतीत ५. प्रत्येक श्रेणीगुणाला श्रेयांकाने गुणून बेरीज केली तर १५० येते आणि २२ ने भागल्यावर सत्राची सरासरी ६.८२ होते. याच विद्यार्थ्याने संशोधन पद्धतीत ९ मिळवून २ श्रेयांकांच्या विषयात ५ वर समाधान मानले असते, तर बेरीज १५८ आणि सरासरी ७.१८ झाली असती. संशोधन पद्धती हा ‘नंतर पाहू’ म्हणून बाजूला ठेवायचा विषय नाही, हे विद्यार्थ्यांना निकाल लागल्यावर कळते.

सर्वांत महत्त्वाची ओळ उत्तीर्णतेच्या निकषांची. अंतर्गत मूल्यमापन आणि सत्रान्त परीक्षा यांचे प्रमाण विद्यापीठागणिक बदलते, परंतु खरा प्रश्न वेगळा आहे : दोन्हींत स्वतंत्रपणे उत्तीर्ण व्हावे लागते, की बेरीज पुरेशी असते? जिथे स्वतंत्र उत्तीर्णतेची अट आहे, तिथे लेखी परीक्षेत उत्तम गुण मिळवूनही अंतर्गत चाचणी चुकवलेला विद्यार्थी त्या विषयात अनुत्तीर्ण राहतो. नोकरी करणाऱ्यांचा घात इथेच अधिक होतो, कारण अंतर्गत चाचण्या कामाच्या दिवशी असतात.

आपले प्रश्न आणि अनुभव इथे मांडावेत. कोणत्याही संस्थेवर नावानिशी आरोप कृपया करू नयेत.

मध्यान्ह

अक्षरगंध ताई, अतिशय आवश्यक धागा. मी एका शेअर दलाल कंपनीत नोकरी करतो आणि एम.कॉम.च्या दुसऱ्या सत्रात आहे. माझे दोन प्रश्न आहेत. पहिल्या सत्रातील एक विषय राहिला आहे, तो किती काळ राखून ठेवता येतो? आणि कार्यस्थळ प्रशिक्षण मी माझ्याच कंपनीत केलेले चालेल का? मी तेथे रोज आठ तास काम करतोच, मग दुसरीकडे पुन्हा १२० तास का द्यायचे, असे मनापासून वाटते.

अक्षरगंध

मध्यान्ह, पहिल्या प्रश्नात दोन वेगळी बंधने एकत्र आली आहेत. ए.टी.के.टी.चा, म्हणजे विषय राहिला असतानाही पुढे जाऊ देण्याचा, नियम सांगतो की पुढच्या वर्षात जाण्यासाठी किमान किती श्रेयांक किंवा विषय सुटलेले असले पाहिजेत. कमाल कालावधीचा नियम सांगतो की पदवी एकूण किती वर्षांत पूर्ण झाली पाहिजे. पहिला प्रत्येक विद्यापीठाचा स्वतःचा असतो. दुसऱ्याबाबत विद्यापीठ अनुदान आयोगाची २०१५ ची मार्गदर्शक तत्त्वे आहेत : अभ्यासक्रमाच्या मूळ कालावधीनंतर दोन वर्षे, आणि अपवादात्मक परिस्थितीत आणखी एक वर्ष. वाढीव काळात विद्यार्थी खासगी परीक्षार्थी मानला जातो आणि त्याला गुणानुक्रमांकासाठी पात्र धरले जात नाही. म्हणून दोन वर्षांच्या पदवीला सर्वसाधारणपणे चार वर्षे मिळतात, असे समजून नियोजन करावे.

यात एक गुंता असतो. मध्येच अभ्यासक्रम बदलला तर जुन्या अभ्यासक्रमाच्या परीक्षा काही ठरावीक सत्रांपर्यंतच घेतल्या जातात आणि त्यानंतर राहिलेल्या विषयाऐवजी समकक्ष नवा विषय द्यावा लागतो. समकक्षतेचा तक्ता परिपत्रकासोबत जोडलेला असतो. वित्तीय सेवांत अभ्यासक्रम वारंवार बदलतो आणि तो बदलायलाच हवा. त्यामुळे इथला राहिलेला विषय इतर शाखांपेक्षा लवकर ‘जुना’ होतो, आणि पुढच्याच संधीत तो सोडवणे श्रेयस्कर ठरते.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आपल्या विभागाच्या लेखी परवानगीवर अवलंबून आहे. ४ श्रेयांकांसाठी १२० तास हा हिशेब प्रति श्रेयांक ३० तास या सूत्रावरून येतो. मूळ अपेक्षा अशी की विद्यार्थ्याने नवे काहीतरी शिकावे, त्याची नोंदवही ठेवावी आणि संस्थेतील पर्यवेक्षक व महाविद्यालयातील मार्गदर्शक या दोघांनी त्याचे मूल्यमापन करावे. आपण व्यवहारपूर्ती (सेटलमेंट) विभागात असाल आणि प्रशिक्षण जोखीम व्यवस्थापनात किंवा नियमपालन पाहणाऱ्या अनुपालन विभागात घेतले, तर ती मागणी विभागाला सहज पटण्यासारखी आहे. तेच काम, तोच टेबल आणि प्रमाणपत्र तेवढे नवे, असा प्रकार मात्र मूल्यमापनात टिकत नाही आणि टिकूही नये. अर्ज प्रशिक्षण सुरू होण्यापूर्वी करावा, मागाहून मिळवलेली मान्यता अनेकदा नाकारली जाते.

शिंपले

मी बँकेत अनुपालन विभागात काम करते आणि प्रशिक्षणार्थी विद्यार्थी आमच्याकडे येतात, म्हणून एक गोष्ट आग्रहाने जोडते. वित्तीय संस्थेत प्रशिक्षण घेणाऱ्या विद्यार्थ्यावर विद्यापीठाच्या नियमांइतकेच त्या क्षेत्राचे नियमही बंधनकारक असतात. ग्राहकांची के.वाय.सी. कागदपत्रे, पॅन क्रमांक, खात्यातील शिल्लक हे सारे प्रकल्प अहवालाच्या परिशिष्टात जोडून देणारे विद्यार्थी मी पाहिले आहेत. त्यांचा हेतू वाईट नसतो, अहवाल भरगच्च दिसावा एवढेच मनात असते. वैयक्तिक विदेच्या (डेटाच्या) संरक्षणासाठी २०२३ मध्ये स्वतंत्र कायदा झाला आहे आणि ग्राहकाची गोपनीयता राखण्याचे बँकेचे कर्तव्य तर त्याहून कितीतरी जुने आहे.

सूचिबद्ध कंपनीत किंवा तिच्या भांडवल उभारणीचे काम पाहणाऱ्या मर्चंट बँकरकडे प्रशिक्षण असेल तर सेबी या शेअर बाजाराच्या नियामकाचे २०१५ चे अंतर्गत व्यापार (इनसायडर ट्रेडिंग) प्रतिबंध विनियमही लक्षात ठेवावेत. अप्रकाशित आणि भावावर परिणाम करू शकेल अशी माहिती विद्यार्थ्याच्या हाती आली, तर तो ‘मी केवळ विद्यार्थी आहे’ असे म्हणून त्यातून सुटत नाही. महाविद्यालयांनी प्रशिक्षणाच्या नियमांतच गोपनीयतेच्या हमीपत्राचा नमुना जोडावा, असे मला तळमळीने वाटते. प्रकल्पासाठी वार्षिक अहवाल, शेअर बाजारांच्या संकेतस्थळांवरील प्रकटीकरणे, रिझर्व्ह बँकेची प्रकाशने असा भरपूर सार्वजनिक साठा उपलब्ध आहे आणि त्यावर उत्तम काम होऊ शकते.

रानवारा

माझे मत थोडे वेगळे आहे आणि ते स्पष्टपणे मांडतो. दोन वर्षे, ८८ श्रेयांक, प्रकल्प, प्रशिक्षण, इतके सारे करून हाती येणाऱ्या पदवीचा या क्षेत्रात प्रत्यक्ष उपयोग किती? म्युच्युअल फंड वितरक व्हायचे तर एन.आय.एस.एम. या सेबीच्या प्रशिक्षण संस्थेची पाचवी-अ मालिकेची परीक्षा लागते. संशोधन विश्लेषकासाठी पंधरावी मालिका आहे. बँकेत बढतीसाठी इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ बँकिंग अँड फायनान्सच्या जे.ए.आय.आय.बी. आणि सी.ए.आय.आय.बी. या परीक्षा आहेत. पूर्वी गुंतवणूक सल्लागार म्हणून नोंदणीसाठी सेबीच्या २०१३ च्या विनियमांत वित्त, वाणिज्य, विमा अशा विषयांतील पदव्युत्तर पात्रतेला महत्त्व होते. डिसेंबर २०२४ मधील सुधारणेने शैक्षणिक अट पदवीपर्यंत खाली आली आणि अनुभवाची अटही गेली. मग विद्यापीठाचे हे अवजड नियम विद्यार्थ्याने का सोसायचे?

अक्षरगंध

रानवारा, आपण दिलेली माहिती योग्य आहे आणि विद्यार्थ्यांनी ती प्रवेशापूर्वी जाणून घेतली पाहिजे. पदवी म्हणजे व्यवसायाचा परवाना नव्हे, हे मी दर वर्षी पहिल्याच तासाला सांगते. परंतु प्रमाणपत्र परीक्षा एका विशिष्ट कामापुरत्या असतात आणि त्यांची वैधताही ठरावीक काळापुरती असते. पदवी व्यक्तीकडे कायम राहते. अध्यापन, संशोधन, नेट-सेट, पीएच.डी., तसेच भरतीतील अनेक जागा यांसाठी पदव्युत्तर पदवीच लागते.

यापेक्षाही मला महत्त्वाचे वाटते ते असे की वित्तीय सेवांकडे एकसंध दृष्टीने पाहायला केवळ अशा अभ्यासक्रमातच सवड मिळते. भाडेपट्टा, हप्तेखरेदी, फॅक्टरिंग, प्रतिभूतीकरण, पतमापन, विमा आणि म्युच्युअल फंड ही वेगवेगळी दुकाने दिसतात, पण त्यांच्या तळाशी प्रश्न एकच आहे : जोखीम कोणाकडून कोणाकडे जाते आणि त्याची किंमत कोण मोजतो? २०१९ पासून लागू झालेल्या भारतीय लेखा मानक ११६ ने भाडेकरू कंपनीला बहुतेक भाडेपट्टे ताळेबंदात दाखवणे भाग पाडले, तेव्हा ‘ताळेबंदाबाहेरील अर्थसाहाय्य’ हे भाडेपट्ट्याचे जुने आकर्षण बरेचसे संपले. लेखाशास्त्र आणि वित्तीय सेवा एकत्र शिकलेल्यालाच हा बदल पूर्ण उमगतो.

आपल्या आक्षेपातील एक भाग मात्र मी पूर्णपणे मान्य करते. जो अभ्यासक्रम अजूनही टी अधिक दोन, म्हणजे सौद्याच्या दिवसानंतर दोन दिवसांची, व्यवहारपूर्ती शिकवतो, तो विद्यार्थ्यांवर अन्याय करतो. आपल्या शेअर बाजारांत टी अधिक एकची पद्धत २७ जानेवारी २०२३ पासून सर्व समभागांना लागू झाली आहे. अभ्यास मंडळांनी पाठ्यक्रमाची चौकट विद्यापरिषदेकडून मंजूर करून घ्यावी आणि त्यातील नियामक तरतुदी ‘परीक्षेच्या सहा महिने आधीपर्यंतच्या’ अशा शब्दांत बांधाव्यात, म्हणजे प्रत्येक लहान बदलासाठी संपूर्ण मंजुरीचा फेरा करावा लागत नाही. व्यावसायिक संस्थांच्या परीक्षांत ही पद्धत रुळलेली आहे.

जुनी_वही

विद्यापीठाच्या परीक्षा विभागातून मी निवृत्त झालो. वरील चर्चा वाचून निकालानंतरच्या नियमांविषयी लिहावेसे वाटले, कारण सर्वाधिक धावपळ आणि सर्वाधिक मनस्ताप तिथेच असतो.

वर उल्लेख झालेल्या विद्यापीठे अधिनियमात निकालासाठी मुदत घालून दिलेली आहे. शेवटच्या पेपरपासून तीस दिवसांत निकाल लावण्याचा प्रयत्न करावा आणि कोणत्याही परिस्थितीत पंचेचाळीस दिवसांच्या आत तो जाहीर करावा, अशी ती तरतूद आहे. विलंब झाल्यास विचारणा करण्याचा विद्यार्थ्याला पूर्ण अधिकार आहे आणि ती विचारणा लेखी असावी.

निकाल लागल्यानंतर छायाप्रत आणि पुनर्मूल्यांकन यांच्या मुदती अगदी थोड्या दिवसांच्या असतात. विद्यार्थी मूळ गुणपत्रिकेची वाट पाहत बसतात आणि तेवढ्यात मुदत निघून जाते. संकेतस्थळावर निकाल दिसला त्या दिवसापासूनच दिवस मोजावेत. प्रथम छायाप्रत घ्यावी, विषयाच्या शिक्षकांना दाखवावी आणि मगच पुनर्मूल्यांकनाचा निर्णय करावा. याखेरीज, परीक्षार्थीला स्वतःची तपासलेली उत्तरपत्रिका माहिती अधिकाराखाली पाहता येते, असे सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये आदित्य बंदोपाध्याय प्रकरणात स्पष्ट केले आहे.

कृपांकांविषयीही (ग्रेस गुणांविषयीही) गैरसमज फार आहेत. मुंबई विद्यापीठाचा ओ. ५०४२-ए हा अध्यादेश अनेकांना केवळ ऐकून माहीत असतो. त्यात वेगवेगळ्या उत्तीर्णता शीर्षांत (लेखी, तोंडी असे जे भाग स्वतंत्रपणे उत्तीर्ण व्हावे लागतात त्यांत) मिळून दिले जाणारे कृपांक त्या परीक्षेच्या एकूण गुणांच्या एक टक्क्यापेक्षा अधिक होऊ शकत नाहीत. ओ. २२९-ए हा राष्ट्रीय सेवा योजना, क्रीडा अशा उपक्रमांसाठीच्या दहा गुणांचा वेगळा अध्यादेश आहे. कृपांक ही मागून घेण्याची गोष्ट नव्हे, नियमात बसत असेल तर प्रणाली ते आपोआप लावते. त्यासाठी टेबलाटेबलांवर फिरणाऱ्या मुलांना मी नेहमी हेच समजावून सांगत असे.

दुसऱ्या विद्यापीठातून आलेल्यांनी स्थलांतर प्रमाणपत्र आणि पात्रता प्रमाणपत्र यांची पूर्तता पहिल्या सत्रातच करावी. पात्रता तात्पुरती राहिली तर चौथ्या सत्राचा निकाल राखून ठेवला जातो आणि नोकरीचे नियुक्तिपत्र हातात असताना पदवी मिळत नाही. पदवी प्रमाणपत्राबाबत विद्यापीठ अनुदान आयोगाचे २००८ चे विनियम विद्यार्थी पात्र ठरल्यापासून १८० दिवसांची मुदत सांगतात.

शरयू_तीर

माझी मुलगी यंदा पदवीधर झाली आहे. एका खासगी संस्थेने वित्तीय सेवांच्या अभ्यासक्रमासाठी घाईने शुल्क भरून घेतले आणि मूळ गुणपत्रिकाही ठेवून घेतल्या. आता तिला शासकीय प्रवेश फेरीतून एम.एम.एस.ला जागा मिळण्याची शक्यता दिसते. शुल्क आणि कागदपत्रे परत मिळतील का? जाणकारांनी कृपया सांगावे.

जुनी_वही

शरयू ताई, मूळ प्रमाणपत्रे ठेवून घेण्याची संस्थेला परवानगी नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या अधिसूचनेत पडताळणी करून ती विद्यार्थ्याला परत करावीत असे स्पष्ट आहे. त्याच अधिसूचनेत शुल्क परताव्याचे टप्पे आहेत. प्रवेशाच्या अधिसूचित अंतिम तारखेच्या पंधरा किंवा अधिक दिवस आधी प्रवेश रद्द केल्यास पूर्ण शुल्क परत मिळते आणि त्यातून प्रक्रियाखर्च म्हणून जास्तीत जास्त पाच टक्के, तेही ५,००० रुपयांच्या मर्यादेत, कापता येतात. त्यानंतर पण अंतिम तारखेपूर्वी रद्द केल्यास ९० टक्के, अंतिम तारखेनंतर पंधरा दिवसांत ८० टक्के, तीस दिवसांपर्यंत ५० टक्के आणि पुढे काहीच नाही. आयोग काही वर्षी यापेक्षा उदार मुदती जाहीर करतो, त्यामुळे यंदाचे परिपत्रकही पाहावे. रद्द करण्याचा अर्ज ईमेलने आजच पाठवा, कारण टप्पा अर्जाच्या तारखेवरून ठरतो. मात्र ती संस्था विद्यापीठाशी संलग्न आहे की स्वतंत्रपणे पदविका चालवते, हे आधी तपासा. पदविका असल्यास अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेचे परतावा नियम लागू होतील.

शिंपले

शरयू ताई, आणखी एक बाब आपल्या उपयोगाची आहे. एम.एम.एस. आणि एम.बी.ए.ला राज्याची प्रवेश परीक्षा आणि पदवीला किमान ५० टक्के, राज्यातील राखीव प्रवर्गांना ४५ टक्के, अशी अट आहे. जुलै २०२४ च्या शासन निर्णयानुसार आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि इतर मागास प्रवर्गांतील, आठ लाखांपर्यंत वार्षिक कौटुंबिक उत्पन्न असलेल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. ही सवलत केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून आलेल्यांना मिळते, संस्थास्तरावरील किंवा व्यवस्थापन कोट्यातील प्रवेशाला मिळत नाही. त्यामुळे जागा तीच असली तरी प्रवेश कोणत्या मार्गाने झाला, यावर दोन वर्षांचा खर्च ठरतो.

मध्यान्ह

सर्वांचे मनःपूर्वक आभार. चौथ्या सत्राच्या प्रकल्पाविषयी विचारायचे राहिले. आमच्या महाविद्यालयात साम्य तपासणीचा, म्हणजे मजकूर इतर लेखनाशी किती जुळतो याचा, अहवाल जोडावा लागतो. वित्तीय विषयांत कायद्यातील व्याख्या आणि विनियमांतील मजकूर जसाच्या तसा द्यावा लागतो, मग साम्य वाढणारच. त्याचे काय करावे?

अक्षरगंध

या बाबतीत आयोगाचे २०१८ चे वाङ्मयचौर्य प्रतिबंध विनियम लागू होतात आणि ते पदव्युत्तर प्रबंधिकेलाही लागू आहेत. १० टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही. १० ते ४० टक्के असल्यास सहा महिन्यांच्या आत सुधारित अहवाल द्यावा लागतो, ४० ते ६० टक्के असल्यास एक वर्षापर्यंत सुधारित अहवालच सादर करता येत नाही आणि ६० टक्क्यांच्या पुढे नोंदणी रद्द होते. आपल्या शंकेचे उत्तर त्याच विनियमांत आहे. श्रेय देऊन उद्धृत केलेला मजकूर, संदर्भसूची, कायदे, प्रमाणित संज्ञा आणि समीकरणे ही साम्याच्या मोजणीतून वगळायची असतात. तपासणी करणाऱ्या ग्रंथपालांना तशी निवड करण्यास सांगावे आणि विनियमातील मजकूर अवतरणचिन्हांत, कलमाचा उल्लेख करून द्यावा.

मार्गदर्शक म्हणून मात्र मी आणखी काही सांगेन. सेबीचा विनियम चार पाने उतरवून काढण्यापेक्षा तो एका परिच्छेदात स्वतःच्या शब्दांत मांडावा आणि उरलेली जागा त्या विनियमाचा परिणाम मोजण्यास द्यावी. मौखिक परीक्षेत परीक्षक तेवढेच विचारतात : हा नियम आला आणि बाजारात काय बदलले? याचे उत्तर आकड्यांनिशी देणारा विद्यार्थी क्वचितच भेटतो, आणि भेटला की त्या दिवसाचे सार्थक झाल्यासारखे वाटते.

रानवारा

प्रकल्पाच्या किंवा अंतर्गत गुणांच्या बाबतीत अन्याय झाला असे वाटल्यास विद्यार्थ्याने कुठे जावे, हेही या धाग्यात नोंदवले जावे.

जुनी_वही

त्यासाठी आयोगाचे विद्यार्थी तक्रार निवारणाचे २०२३ चे विनियम आहेत. प्रत्येक संस्थेत विद्यार्थी तक्रार निवारण समिती असावी लागते आणि तिने तक्रार मिळाल्यापासून कामाच्या पंधरा दिवसांत अहवाल द्यावा लागतो. समाधान न झाल्यास निर्णय मिळाल्यापासून पंधरा दिवसांत विद्यापीठाच्या लोकपालांकडे अपील करता येते आणि लोकपालांनी ते तीस दिवसांत निकाली काढणे अपेक्षित असते. केवळ गुण कमी वाटतात म्हणून पुनर्मूल्यांकनाची मागणी लोकपाल ऐकत नाहीत. निकालावर प्रत्यक्ष परिणाम करणारी विशिष्ट अनियमितता किंवा भेदभावाचा विशिष्ट प्रसंग दाखवावा लागतो. उदाहरणार्थ, अंतर्गत चाचणी दिल्याची सही हजेरीपत्रकावर आहे आणि गुणपत्रिकेत अनुपस्थित असे नोंदले आहे, तर ती अनियमितता आहे. म्हणूनच चाचणीच्या दिवशीची पोहोच, सादर केलेल्या कामाची ईमेल आणि प्रशिक्षणाची नोंदवही या गोष्टी पदवी हाती येईपर्यंत जपून ठेवाव्यात.

मध्यान्ह

एक शेवटची शंका. पुढील वर्षी माझी बदली दुसऱ्या राज्यात होण्याची चिन्हे आहेत. दोन सत्रांचे ४४ श्रेयांक वाया जातील का?

अक्षरगंध

वाया जाण्याचे कारण नाही. २०२१ पासून शैक्षणिक श्रेयांक पेढीची व्यवस्था आहे आणि तिथे जमा झालेले श्रेयांक कमाल सात वर्षे वैध राहतात. आपले खाते उघडलेले आहे का आणि दोन्ही सत्रांचे श्रेयांक महाविद्यालयाने तिथे प्रत्यक्ष चढवले आहेत का, हे आधी पाहावे, कारण खाते असते आणि त्यात नोंद शून्य असते असे पुष्कळदा आढळते. पदवी देणाऱ्या विद्यापीठातून किमान ५० टक्के श्रेयांक मिळवावे लागतात, त्यामुळे दुसऱ्या वर्षाचे ४४ श्रेयांक नव्या विद्यापीठात पूर्ण केल्यास आपण त्या अटीत बरोबर बसता. तेथील पदवी ८८ ऐवजी ८० श्रेयांकांची असू शकते, तरी विषयांची समकक्षता तेथील विभागच ठरवतो. म्हणून पहिल्या सत्रातील राहिलेला विषय बदलीपूर्वी सोडवावा, प्रत्येक विषयाचा तपशीलवार पाठ्यक्रम महाविद्यालयाच्या शिक्क्यासह घ्यावा आणि कोणते श्रेयांक स्वीकारले जातील याचे पत्र नव्या विभागाकडून प्रवेश शुल्क भरण्याआधी मिळवावे. पाठ्यक्रम साक्षांकित करून घेताना काही अडचण आली तर इथे कळवावे, अर्जाचा मसुदा मी लिहून देईन.